अर्ध्या वावराचं पाचट

उसाची शेवटची ट्रॉली वावराबाहेर पडली की आमच्या गावातला माणूस आधी ट्रॉलीला हात जोडतो आणि मग खिशातून आगपेटी काढतो. तोडणी झाल्यावर वावरात गुडघाभर वाळलेली पानं पडून राहतात, त्यालाच पाचट म्हणतात, आणि ते फक्त पेटवण्यासाठीच असतं यावर आमच्या गावाचं एकमत आहे. एकमत व्हावं अशी दुसरी गोष्ट मी पंचवीस वर्षांत पाहिलेली नाही. धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, एका बाभळीसाठी दोन पिढ्या न बोललेली घरंही पाचट पेटवताना एकमेकांची आगपेटी मागून घेतात.

न पेटवलेलं वावर दिसलं तर लोक गाडी थांबवून चौकशी करतात. घरात सुतक तरी आहे किंवा घरात पुरुष तरी नाही, असा त्याचा सरळ अर्थ. मग शेजारीपाजारी कोणीतरी जाऊन पेटवून देतं. बाईमाणसाच्या वावराचं पाचट पेटवून देणं हे आमच्याकडे पुण्याचं काम समजतात. त्यासाठी विचारावं लागत नाही.

आमच्या घरात पुरुष आहेत, चांगले दोन आहेत. एक माझे यजमान. एसटीवर ड्रायव्हर, नोकरी दिग्रसला. आठवड्यातून एकदा येतात, जेवतात, टीव्हीपुढे झोपतात आणि कपडे बांधून घेऊन जातात. तब्येत ठणठणीत आहे, पण वावरात दिसत नाहीत, त्यामुळे गावाच्या लेखी ते नाहीतच. दुसरे माझे सासरे. त्यांना मी मामाजी म्हणते. गुडघे गेल्यापासून ते ओसरीतल्या खाटेवर बसून शेती करतात. तिथून सगळं वावर दिसतं, असं त्यांचं म्हणणं आहे. मधे अर्धा किलोमीटर रस्ता, शाळा आणि पाण्याची टाकी आहे, पण उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला टाकी आडवी येत नाही.

वावर आमचं अडीच एकर, उमरखेडच्या रस्त्याला, कालव्याच्या खालच्या अंगाला. मामाजींचे गुडघे गेले आणि ते माझ्याकडे आलं. आलं म्हणजे कोणी दिलं नाही. कोणीच जाईना म्हणून मी जायला लागले. आधी डबा घेऊन, मग डब्यासोबत खुरपं घेऊन, मग मजूर सांगायला, मग मोटर चालू करायला. तिसऱ्या वर्षी माझ्या लक्षात आलं की दुकानदार बियाण्याबद्दल मला विचारतो आहे, यजमानांना नाही. लग्न होऊन या घरात आल्यापासून भाजीत मीठ किती यापलीकडे कोणी मला काही विचारलं नव्हतं. ते वावर मला हवं होतं. हे मी कोणापाशी बोलले नाही, कारण सुनेला वावर हवं आहे असं म्हटलं की लोकांना सातबारा आठवतो. मला सातबारा नको होता. सकाळी उठून जायला ती जागा हवी होती.

त्या वर्षी आमचा लागणीचा ऊस तुटला. उसाची एक सोय असते. तोडला तरी बुडख्यांतून तो पुन्हा फुटतो, त्या दुसऱ्या पिकाला खोडवा म्हणतात. मामाजींनी मला खाटेजवळ बोलावलं आणि शेतीविषयक धोरण जाहीर केलं. "एक खोडवा करून पाह्य. या साली गेला तेवढा ऊस फुडच्या साली नाही गेला, त पाडव्याले वावर मक्त्यानं देऊन टाकू." मक्ता म्हणजे वर्षभरासाठी दुसऱ्याला कसायला देणं, आणि तो दुसरा कोण हेही ठरलेलं होतं. आमच्या धुऱ्याला धुरा असलेले, नात्याने माझे चुलतदीर. त्यांना मी भाऊजी म्हणते. माणूस कष्टाळू, बोलायला कमी, आणि नेमका तेव्हा माझ्या डोळ्यांत खुपायला लागलेला.

थोड्याच दिवसांआधी ग्रामपंचायतीत ऊस शेतीवर एक कार्यक्रम झाला होता. बॅनर होता, समोसा होता, त्यामुळे उपस्थिती उत्तम होती. कृषी खात्याच्या एका तरुण पोराने पाटीवर चित्र काढून सांगितलं की पाचट जाळणं म्हणजे घरचं खत जाळून दुकानातून खत आणणं. पाचट सरीत दाबा, बुडखे जमिनीलगत छाटा आणि उघडे ठेवा, पाचटावर थोडा युरिया, थोडं सुपर फॉस्फेट आणि कुजवायचं औषध टाका, पाणी द्या. माती झाकलेली राहील, ओल टिकेल, गांडूळ येतील. पुरुषमंडळींनी माना डोलावल्या आणि समोसा संपवला. बाहेर पडताना एकाने विचारलं की साहेबांच्या घरी वावर किती आहे. साहेब भाड्याच्या खोलीत राहतात असं कळल्यावर सगळ्यांची खात्री पटली की पाचट जाळणंच बरोबर.

मी मात्र ते सगळं गॅसच्या पुस्तकाच्या मागच्या पानावर लिहून आणलं होतं. घरी आल्यावर मामाजींना सांगितलं की यंदा आपण पेटवायचं नाही. त्यांनी बिडी खाली ठेवली. माझ्या आठवणीत त्यांनी पेटलेली बिडी खाली ठेवल्याचे प्रसंग फार नाहीत. साप होतील, उंदीर होतील, फूट येणार नाही, असं ते बराच वेळ सांगत राहिले. यजमानांना फोन केला तर तेही म्हणाले साप होतील. दिग्रसच्या डेपोत बसून त्यांना आमच्या वावरातला साप दिसला, याचं मला कौतुक वाटलं.

जानेवारीत टोळीने ऊस तोडला, वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, बैलांसाठी नेले आणि पाचट मागे ठेवलं. मी तांड्यावरच्या एका बाईला सोबत घेतलं. ती तोडणीला जन्मभर गेलेली, कोयत्यावर हात असा की बुडखा एका घावात जमिनीबरोबर. आम्ही दोघी पाचट सऱ्यांमध्ये दाबत होतो आणि रस्त्याने जाणारा प्रत्येक माणूस गाडी हळू करत होता. घरी सगळं बरं आहे ना, अशी चौकशी झाली. यजमानांची बदली लांब झाली का, अशी झाली. एका भल्या गृहस्थांनी तर खिशातली आगपेटी काढून माझ्यापुढे धरली. मी त्यांना म्हटलं की चूल घरी आहे, इथे नाही. त्या उत्तराचा गावात दोन दिवस प्रसार झाला आणि मी शिकलेली नसून शेफारलेली आहे असं ठरलं.

तिसऱ्या दिवशी मी उमरखेडला गेले, पाचट कुजवायचं औषध आणायला. दुकानदाराने ते दोनदा विचारून घेतलं, कारण पाचटासाठी औषध मागणारं गिऱ्हाईक त्याला नवीन होतं. दुपारच्या बसने परत येत होते. आमच्या फाट्याच्या अलीकडेच कंडक्टर म्हणाला, कोणाचं तरी पेटलं. मी खिडकीतून पाहिलं. धूर काळा नव्हता, पांढरा, दाट, पाचटाचा असतो तसा. टाकीच्या पलीकडे, कालव्याच्या खालच्या अंगाला. बस थांबायच्या आधी मी दारात उभी होते.

वावरात पोहोचले तेव्हा रस्त्याकडचा निम्मा भाग पेटून संपत आला होता आणि आग वाऱ्याबरोबर पाण्याच्या दांडाकडे येत होती. हा दांड म्हणजे वावराच्या मधून जाणारा मातीचा पाट, त्यानेच माझ्या वावराचे दोन भाग होतात. भाऊजी धुऱ्यावर उभे होते, हातात ओला फांदा, तोंडावर समाधान. मला पाहून ते म्हणाले, "वयनी, तुमी कायले तरास घेता? अर्धं त झालं, अर्धं होऊन राह्यलं."

मी काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. तांड्यावरची बाई धूर पाहून धावत आली होती. ती शहाणी, बोलत बसली नाही. तिने दांडाच्या अलीकडचं पाचट हाताने, पायाने, टोपल्याने मागे ओढायला सुरुवात केली. मी मोटरकडे धावले. लाईन होती. दिवसा, भर दुपारी आमच्याकडे लाईन असणं ही त्या दिवसातली एकमेव चांगली बातमी. दांड पाण्याने भरला, आग काठाशी येऊन थांबली, दोन-तीन ठिकाणी उडी मारली ती आम्ही ओल्या पोत्याने झोडपली. भाऊजीसुद्धा झोडपत होते. आधी स्वतः लावायची आणि मग स्वतःच विझवायची, हे मला तेव्हा जगातलं सगळ्यात संतापजनक दृश्य वाटलं. पदर जळला, हाताचे केस जळले. शेवटी मी दांडात बसून रडले. दुःखाने नाही, रागाने.

भाऊजी जाताना खाली मान घालून इतकंच म्हणाले की मी तं चांगल्यासाठीच केलं. शत्रूने केलं असतं तर पोलिसात जाता आलं असतं. चांगल्यासाठी करणाऱ्याचं काय करायचं याची सोय कायद्यात नाही.

घरी गेले तर मामाजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, अर्धं तरी सुधरलं. मग बिडी तोंडात धरून बंडीचा खिसा चाचपला आणि आगपेटी सापडत नाही म्हणाले. मी चुलीजवळची दिली. मामाजींची आगपेटी हरवली आहे, हे त्यांचा उजवा हात हरवल्यासारखं होतं, पण त्या संध्याकाळी माझ्या डोक्यात दुसऱ्याच आगीचा विचार होता.

तेव्हापासून भाऊजींना मी सोडलं नाही. माझी जीभ मुळातच धारदार आहे, ही गोष्ट माहेरच्यांनी लग्नात लपवून ठेवली होती. चक्कीवर दळण घेऊन गेले आणि भाऊजी दिसले की मी बायकांना सांगायची, डबे सांभाळा, हे बिनबोलावता मदत करतात. त्यांच्या घरी सत्यनारायण होता, तिथे होमाला आग लावायला उशीर झाला तर मी म्हटलं, घरचे तज्ज्ञ बसले असताना उशीर कसा. सगळ्या हसल्या. त्यांच्या बायकोनेही हसण्यासारखं तोंड केलं. गावाने त्यांचं नाव अग्निशामक ठेवलं, आणि खोटं कशाला सांगू, ते नाव मीच काढलं होतं. भाऊजी कधी उलटून बोलले नाहीत. न बोलणारा माणूस गुन्हेगारच असतो, असं मला वाटायचं.

इकडे वावराने माझी थट्टा सुरू केली. जळालेल्या अर्ध्यात पंधरा-वीस दिवसांत फूट आली, काळ्या राखेवर हिरवेगार कोंब, सरळ रांगेत. पाचटाच्या अर्ध्यात काहीच दिसेना. जवळ जाऊन पाहिलं तर बऱ्याच बुडख्यांवर पाचट सरकून आलेलं, कोंब खाली वाकडे होऊन उजेड शोधत होते. आग विझवताना आम्हीच ते तिकडे लोटलं होतं. मी आणि तांड्यावरच्या बाईने चार दिवस बसून एकेक बुडखा मोकळा केला. मग कोंब वर आले, तर पिवळे. साहेबांनी पाचटावर युरिया टाकायला सांगितला होता. मला वाटलं होतं, कचऱ्याला कशाला युरिया खाऊ घालायचा, आणि मी निम्माच टाकला होता. पाचट कुजताना उसाच्या वाट्याचं खाऊन बसलं होतं. माझ्यासारख्या हुशार बाईने ऐकायचं कमी आणि लिहून घ्यायचं जास्त, असं केलं की असंच होतं.

लोकांची सहल चालू झाली. लोक धुऱ्यावर उभे राहून एकदा इकडे बघत आणि एकदा तिकडे बघत. कोणी काही बोलत नसे, आणि आमच्या गावात लोक बोलत नाहीत म्हणजे फार बोलून झालेलं असतं. मी राहिलेला युरिया टाकला, पाणी दिलं आणि वाट पाहिली. आतून मी घाबरले होते. पाडव्याला जायचं ते वावर मला आत्ताच जाताना दिसत होतं. तांड्यावरच्या बाईला विचारलं, तुला काय वाटतं. ती म्हणाली, "जळलेलं लवकर उगवते बाई. टिकते का ते पाहू."

एप्रिल संपता संपता ऊन असं पडलं की दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसेना. जळालेल्या अर्ध्यात तोवर दोन निंदण्या झाल्या होत्या. पाचटाच्या अर्ध्यात तणाला उगवायला जागाच नव्हती, त्यामुळे तिथे निंदण्यासारखं काही नव्हतं. मेमध्ये कालव्याच्या पाण्याची पाळी पुढे गेली. किती पुढे, हे रोज नव्याने सांगण्यात येत होतं. आमच्या विहिरीचं पाणी तासाभरात तळाला जाई. जळालेल्या अर्ध्यात उसाची पानं दुपारी सुरळी व्हायला लागली, आधी दुपारी, मग सकाळी दहालाही. जमिनीला भेगा पडल्या, त्यात माझं खुरपं मुठीपर्यंत जाई. पाचटाच्या अर्ध्यात मी हात घातला. वरचा थर कोरडा, करकरीत. खाली बोटं गेली तर गार. त्याखाली ओल. मातीची ढेकळं नव्हती, चहा गाळून उरलेल्या पत्तीसारखी ती हातात सुटत होती, आणि तिच्यात गांडूळ वळवळत होते. मी तिथेच बसून मोठ्याने हसले. गांडूळ पाहून एवढा आनंद होईल असं मला कोणी लहानपणी सांगितलं असतं तर मी किंचाळले असते.

तेव्हा भाऊजी आले. त्यांच्या बोअरला पाणी चांगलं आहे आणि तो आमच्या धुऱ्यापासून हाकेवर आहे. धुऱ्यावर उभे राहून, माझ्याकडे न बघता, त्यांनी विचारलं की पाईप टाकून देऊ का, जळालेल्या बाजूला चार पाणी देऊन घ्या, पाळी येईपर्यंत. मी हातातला गांडूळ त्यांना दाखवला आणि म्हटलं, "भाऊजी, आधी आग लावाची अन् मंग पाणी घेऊन याचं, हे धंदे दुसऱ्या वावरात करा."  ते गुंडाळलेला पाईप खांद्यावर टाकून गेले. पाईप ते घेऊनच आले होते, हे माझ्या लक्षात आलं, पण मला त्या उत्तराचा एवढा अभिमान वाटत होता की मी ते घरी जाऊन मामाजींना सांगितलं.

मामाजींनी ते ऐकून घेतलं. रविवारी यजमान आले तर मामाजी त्यांना म्हणाले, मले वावरात ने. मोटरसायकलवर मागे बसून, एक हात मुलाच्या खांद्यावर आणि एका हातात काठी, असे ते दोन वर्षांनी वावरात आले. खाटेवरून सगळं दिसत असताना इतका त्रास का घेतला हे मी विचारणार होते, पण तेवढं मी गिळलं. ते जळालेल्या बाजूला गेले आणि काठी जमिनीत रोवली. टोक टक्क वाजलं, आत गेलं नाही. दांड ओलांडून पाचटाच्या बाजूला आले, काठी रोवली, ती वीतभर आत गेली आणि उभी राहिली. त्यांनी ती काढली, पुन्हा दुसरीकडे रोवली, पुन्हा तिसरीकडे. यजमान साप कुठे आहेत ते बघत होते. मामाजींनी काठीच्या टोकाची माती बोटाने घेतली, हुंगली आणि घरी चला म्हणाले. मला वाटलं एखादा शब्द बोलतील. बोलले ते इतकंच की ऊन फार आहे.

पाळी आली, पाऊस आला, जळालेला अर्धा थोडा सावरला, पण जे खुंटलं ते खुंटलं. पेरं आखूड राहिली, मधे मधे ठोंब वाळून गेले. पाचटाच्या अर्ध्यातला ऊस ऑगस्टमध्ये माणसाच्या वर गेला आणि पुढे वाढतच राहिला. गावातले लोक आता त्या बाजूला उभे राहून उसाशी उंची मोजत. एकाने मला सांगितलं की त्याला आधीपासूनच माहीत होतं. आमच्या गावात सगळ्यांना सगळं आधीपासूनच माहीत असतं, फक्त ते नंतर सांगतात.

पुढच्या जानेवारीत खोडवा तुटला. पाचटाच्या बाजूचा ऊस टोळीला डोक्यावर उचलताना जड जात होता, मोळ्या लहान बांधाव्या लागल्या. जळालेल्या बाजूच्या मोळ्या बायका दोन-दोन उचलत होत्या. पाचटाच्या अर्ध्याने मागच्या वर्षीच्या आपल्या वाट्यापेक्षा जास्त दिलं. जळालेल्या अर्ध्याने इतकं कमी दिलं की ते सगळं भरून निघालं नाही. मागच्या वर्षी जेवढ्या ट्रॉल्या भरल्या होत्या, तेवढ्या भरल्या नाहीत. एक कमी. कोणी वजनाच्या पावत्या बघायची गरजच नव्हती. शेवटची ट्रॉली गेली आणि तिच्यामागे जी दुसरी उभी राहायला हवी होती ती जागा रिकामी होती, हे मामाजींना खाटेवरूनही दिसलं असणार. या वेळी मात्र मी एकही पान जळू दिलं नाही. वावर जाणारच असेल तर ते पांघरूण घालून जाऊ दे, असं मला वाटलं. दोन्ही बाजूंना पाचट दाबलं, युरिया पुरा टाकला, बुडखे उघडे ठेवले. सगळी कामं त्या वर्षी मी उगीच लांबवली.

पाडव्याला गुढी उभारली. भाऊजी पांढरा सदरा घालून आले. मी त्यांना पाट दिला आणि मनात म्हटलं, आता या वावराचं काय करायचं ते करा, तुमचं काम झालं. यजमानही घरी होते, सणाची रजा होती. पुरणपोळी वाढून झाल्यावर मामाजींनी विषय काढला. ठरल्यापेक्षा एक ट्रॉली कमी गेली, हे मीच आधी सांगून टाकलं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्यापेक्षा बरं.

"माह्या शब्दाप्रमानं कमी आहे," मामाजी म्हणाले. मग त्यांनी पोळीचा घास खाली ठेवला. "पन आगपेटी माही होती. याले मीच धाडलं होतं पेटवाले. गाव हासून राह्यलं होतं अन् मले सहन नाही झालं. तू उमरखेडले गेलती, तेवढ्यात उरकून घे म्हनलं. अन् सांगू नोको म्हनलं."

 मला ती संध्याकाळ आठवली, बंडीचा रिकामा खिसा, चुलीजवळची आगपेटी. मी भाऊजींकडे पाहिलं. ते ताटातल्या कटाच्या आमटीकडे बघत होते, जशी काही तिच्यात त्यांची चूक तरंगत होती.

मामाजी पुढे म्हणाले, "जाळल्याची घट माह्यावर टाक. पन पानी द्याले तो आपल्या मनानं आला होता. ते मी नव्हतं धाडलं. ते तू घेतलं नाही. तेवढी घट तुह्यावर." आणि मग पोळी मोडत, "वावर तुह्याच पाशी राहू दे. मले माती कळते."

एवढ्या वर्षांत मला पहिल्यांदाच हवं ते मिळालं होतं आणि मला आठवत होतं ते माझंच बोलणं. वर्षभर उचलली जीभ लावली टाळ्याला. चक्कीवर, सत्यनारायणात, धुऱ्यावर. त्या माणसाने एकदा, फक्त एकदा तोंड उघडलं असतं तर गाव माझ्यावर हसलं असतं. त्यांनी मामाजींचा शब्द पाळला आणि वर पाईप घेऊन आले. मी माझ्या उत्तरावर खूश होऊन घरी गेले होते, आणि माझ्या उत्तराने माझाच निम्मा ऊस वाळवला होता. मला लाज वाटली. अजून वाटते.

भाऊजींना काही बोलावं म्हणून मी तोंड उघडलं, पण त्यांनी मला त्रास होऊ दिला नाही. हात धुता धुता त्यांनी विचारलं, "वयनी, ते पाचटावर टाकाचं औषध उमरखेडले कोन्त्या दुकानात भेटते?"

त्यांचा ऊस त्या वर्षी टोळी न मिळाल्याने उशिरा तुटला होता, पाडव्याच्या आदल्या दिवशी शेवटची ट्रॉली गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तांड्यावरच्या बाईला सोबत घेऊन त्यांच्या वावरात गेले. भाऊजी धुऱ्यावर उभे होते, पुढे गुडघाभर पाचट, काय करावं ते सुचत नव्हतं, आणि रस्त्यावर दोन मोटरसायकली थांबलेल्या. त्यातल्या एकाने ओरडून विचारलं की अग्निशामक, आगपेटी देऊ का. तो शब्द माझा होता. भाऊजींनी ऐकलं आणि माझ्याकडे पाहिलं नाही.

मी त्या माणसाला उत्तर दिलं नाही. पदर खोचला, कोयता घेतला आणि पहिल्या सरीत वाकून बुडखे छाटायला लागले. दुपारपर्यंत आम्ही तिघांनी तीन सऱ्या केल्या, आणि मी एकही शब्द बोलले नाही. संध्याकाळी गावात हीच चर्चा होती. भाऊजींनी पाचट पेटवलं नाही, याकडे कोणाचं लक्षही गेलं नव्हतं.